पुढच्या फेरीत पाहू

कुरमा घरात होतं ते एवढं. बाजा दोन, त्यातल्या एकीची सुतळी अर्धी तुटलेली. तीन दगडांची चूल एक. जर्मनचे गंज दोन, ताट एक, पाण्याचा गुंड एक. कुडाच्या भिंतीत खुपसलेली फणी एक. आतल्या दोरीवर वाळत घातलेले फडके सहा. दार एक, त्याला फळी नाही, खताच्या पोत्याचा पडदा. खिडकी नाही. बाया दोन, त्यातली एक नूतन रामटेके, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, प्रथम श्रेणी.

नूतनला राग आला की ती वस्तू मोजायची. त्या दुपारी तिनं सगळं दोनदा मोजलं.

एटापल्ली तालुक्यातल्या या गावात ती एका संस्थेच्या कामासाठी आली होती. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करणारी संस्थेची गाडी दर सहा महिन्यांनी गावात यायची, आणि उद्याची फेरी तिसरी होती. नूतन कंत्राटावर नवीनच लागली होती. गाडीच्या आदल्या दिवशी येऊन बायांना निरोप द्यायचा, आशाताई नीलाबाईच्या घरी मुक्काम करायचा, एवढंच तिचं काम. पण दुपारी तिची पाळी आली, आणि पॅड कुठे टाकायचं हे तिनं हळूच नीलाबाईला विचारलं. तिथं चुकलं.

"मॅडम, मंग आता घरात नाई येता येत तुमाले," नीलाबाई खाली पाहत म्हणाली.

"काऊन?"

"सासू हाये, देव हाये. गावातल्या समद्या बाया कुरमा घरातच राह्यते तेवढे रोज. जेवणाची फिकर नका करू."

"नीलाबाई, तुमीच तं लोकाईले सांगता पाळीत विटाळ नसते म्हणून. पोस्टर लावलं ना तुमच्याच भिंतीवर."

"सासूले वाचता नाई येत," नीलाबाई म्हणाली आणि नूतनची पिशवी अंगणाच्या टोकाला ठेवून आली. हातात दिली नाही, ठेवली.

कुरखेड्याच्या नूतनच्या घरात विटाळ हा शब्द कोणी उच्चारत नसे. तिच्या आजोबांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितलं की हा शब्द आता आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तो आला नाही. सत्तर वर्षांनी त्यांच्या नातीची पिशवी कोणीतरी लांब ठेवली होती आणि नात ती उचलून गावाच्या कडेला मोहाच्या झाडांपलीकडे चालली होती. भांडायला हवं होतं, असं तिला चालताना दर पावलाला वाटत होतं. पण भांडली असती तर उद्या नीलाबाईच्या शब्दावर एकही बाई गाडीपर्यंत आली नसती. राग गिळून ती कुरमा घराचा पडदा सारून आत गेली आणि मोजायला लागली.

दुसरी बाई बाजेवर बसून सिंदीच्या पानांची चटई विणत होती. केस बहुतेक पांढरे. चेहरा बसलेला, हात मात्र भराभर चालणारे. आठवडी बाजारात शिकलेली मराठी ती आपल्या माडिया बोलीच्या चालीवर बोलायची.

"बस पोरी. ती बाज तुटली हाये. इकडं बस."

"तुमी कोणाच्या सोबतीले आल्या का बाई?"

"सोबतीले कोण येते इथी? मीच कुरमात हावो. बुधरी माझं नाव."

नूतननं तिच्या केसांकडे परत एकदा पाहिलं. "वय किती तुमचं?"

"कारडावर पंचावन लिवलं. मले नाई मालूम. लिवणाऱ्याले बी नाई मालूम."

"पाळी चालूच हाये अजून?"

"बंद झाली होती. चार दिवाळ्या झाल्या. मंग आली परत." बुधरी हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "बाया म्हणते, बुधरी जवान झाली. आता लालसूच्या कमरेत दम नाई, गुडघ्यात दम नाई. माझ्या जवानीचं तो लोणचं घालन का?"

लालसू तिचा नवरा. नूतनही हसली, पण अर्ध्यावर थांबली. आत शिरल्यापासून एक वास तिच्या नाकाला लागला होता. फडक्यांचा असेल असं तिला वाटलं होतं. आता तिनं दोरीवरच्या सहा फडक्यांकडे नीट पाहिलं. डाग पाळीच्या रक्तासारखे नव्हते. मटण धुतलेल्या पाण्यासारखे होते, फिके आणि पसरलेले.

"कवापासून हाये हे?"

"मोह पडत होता तवापासून."

"यंदाच्या?"

"मागच्या."

बाहेर धानाची कापणी चालू होती. मागचा मोह म्हणजे वीस महिने.

"मधात थांबत नाई?"

"थांबते दोन-चार रोज. आंघोळ करायची, घरी जायचं. भात रांधाले बसलं का परत लागते. मंग परत इथी. लालसू त्या दगडावर जेवण ठेवून जाते. चांगला हाये तो. लांबून इचारते, बरी हावो का म्हणून." बुधरीनं पानाची पट्टी दातांनी फाडली. "अन् इथी काम कोणी सांगत नाई. सुनेचं तोंड पाहावं नाई लागत. पहिले मले आवडाचं. आता कंबर दुखते लई."

नूतनचा राग इतका वेळ या घरावर होता, पडद्यावर, लांब ठेवलेल्या पिशवीवर. तो आता जागचा हलला. तिला काहीतरी आठवलं आणि ते विचारायची भीती वाटली.

"बुधरीबाई, आमची गाडी आली होती गावात. दोनदा. तुमी नाई आल्या तपासाले?"

"कशी येणार? नीलाबाई त्या झाडाजवळून आवाज देते, बुधरी, कुरमात हावो का? मी म्हणतो, हावो. ती म्हणते, मंग पुढच्या फेरीत पाहू." बुधरीनं चटईची कड दुमडली. "दुसऱ्या बारीले बी तसंच. उद्या बी तसंच म्हणन."

पाळी चालू असलेल्या बाईचा नमुना घ्यायचा नाही, हा संस्थेचा नियम होता. नमुन्यात रक्त आलं की तपासणी फसते, म्हणून नियम बरोबरच होता. कुरमात असलेल्या बाईला कोणी शिवायचं नाही, हा गावाचा नियम होता. दोन नियमांची ओळखपाळख नव्हती, पण दोघांनी मिळून एक चाळणी केली होती. रक्त न जाणाऱ्या बाया त्यातून तपासणीला जात होत्या. जिचं रक्त थांबत नव्हतं ती वरच राहत होती.

*

संध्याकाळी नीलाबाईनं दगडावर ठेवलेला भात दोघींनी एकाच ताटात खाल्ला. ताट एकच होतं.

"मले काय झालं ते तुले माहीत हाये," बुधरी म्हणाली. "दुपारपासून तू त्या फडक्याईकडं पाहून राह्यली. सांग."

नूतननं सांगितलं की पाहिल्याशिवाय नक्की काही म्हणता येत नाही, पण ही पाळी नाही. आत, गर्भपिशवीच्या तोंडाशी, जखम असू शकते. तिथल्या कातडीत एचपीव्ही नावाचा एक विषाणू शिरतो.

"कसा शिरते?"

हा प्रश्न नूतनला कॉलेजात इतका आवडला होता की तिनं परीक्षेत त्यावर पाच पानं लिहिली होती. कुडाच्या भिंतीकडे बोट करून ती म्हणाली, "ह्या भिंतीले सारवणाचे थर असते ना, तसे तिथल्या कातडीले थर असते. पण सारवण वरून चढते. कातडी खालून वाढते. नवीन पेशी सर्वात खालच्या थरात जन्मते अन् वर सरकत सरकत जुनी होऊन गळते. विषाणूले वरचा थर कामाचा नाई, तिथं समदं मरायले आलेलं असते. त्याले खालचा थर पायजे. म्हणून त्याले एक चीर लागते. डोळ्याले न दिसणारी."

"मंग?"

"मंग खालच्या पेशीत जाऊन बसते. पेशी वर सरकते, तिच्यासंगं हाबी वर. वर जाता जाता पेशीनं वाढणं थांबवायचं असते. हा थांबू देत नाई. पेशीत दोन राखणदार असते, जास्त झालं का थांब म्हणणारे. विषाणू एकाले मोडते, दुसऱ्याले बांधून ठेवते. कारण पेशी वाढल्याशिवाय ह्याची पिल्लं होत नाई."

"अन् आंगाले समजत नाई?"

"नाई. रक्तात उतरत नाई, ताप आणत नाई, सूज नाई. गळणाऱ्या कातडीसंगं गुपचूप बाहेर पडते. बहुतेक बायाईचं आंग वर्षा-दोन वर्षांत त्याले शोधून काढून टाकते. एखादीत राहून जाते. दहा वर्षं, पंधरा वर्षं. राखणदार नसले का पेशी चुका करत जाते, अन् एक दिवस वरपर्यंत समद्या पेशी खालच्यासारख्या वाढाले लागते."

तिनं एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगून बुधरीला काही मिळालं नसतं. कॅन्सर झाला की बहुतेक वेळा विषाणूचंही संपतं. त्याची गुणसूत्राची दोरी तुटून पेशीच्या दोरीत अडकते आणि त्याला पिल्लं करता येत नाहीत. म्हणजे विषाणूलासुद्धा हे नको असतं. कोणालाच नको असलेली गोष्ट वीस महिने सगळ्यांच्या देखत वाढत होती.

"येते कुठून तो?" बुधरीनं विचारलं.

नूतन जरा अडखळली. "नवरा-बायकोतूनच येते. जवळपास समद्याईले येते कवा ना कवा. त्यात कोणाचा दोष नसते. तीस वर्षांआधी आला असन. त्याईले बी माहीत नसन."

बुधरीनं रिकामं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "लालसूनं मले लगनात काचेच्या बांगड्या देल्या, त्या फुटल्या. कोंबड्या देल्या, त्या मेल्या. टिकलं ते हेच."

*

सकाळी गाडी शाळेच्या व्हरांड्याशी लागली. हर्षा मॅडम प्रकल्पाच्या समन्वयक, नागपूरच्या. टापटिपीच्या. बाया रांगेत बसल्या होत्या. नूतन शाळेच्या आवारात शिरली तशी रांगेतल्या बाया सरकल्या आणि नीलाबाईनं दुरूनच हात केला, तिथंच थांबा.

नूतन आवाराच्या टोकाला, बोअरिंगपाशी थांबली. हर्षा मॅडमही पायरी उतरल्या नाहीत. "नूतन, आपण गावाच्या भावना जपायच्या," त्या तिथून म्हणाल्या. "काय ते तिथूनच सांग."

म्हणून जे कानात सांगायचं होतं ते ओरडून सांगावं लागलं आणि ते सगळ्या रांगेनं ऐकलं.

"मॅडम, कुरमा घरात एक बाई आहे. पंचावन्न वर्षांची. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. वीस महिन्यांपासून रक्त जातंय, वास येतोय, कंबर दुखतेय."

"म्हणजे ब्लीडिंग चालू आहे. तू सायन्सची आहेस, सॅम्पल बाद होतो हे मी तुला सांगायचं?"

"तिला सॅम्पल नकोच आहे. तिला डॉक्टर हवा आहे."

"आपण स्क्रीनिंग करतो नूतन. स्क्रीनिंग म्हणजे लक्षणं नसलेल्या बायांची तपासणी."

"आणि लक्षणं असलेल्यांची?"

"त्यांनी दवाखान्यात जायचं असतं."

"हे त्यांना कोणी सांगितलं? आपण दोनदा निरोप दिला, पुढच्या फेरीत पाहू. दवाखान्यात जा, असा निरोप एकदाही नाही."

हर्षा मॅडमनी रांगेकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "या गावाचं कव्हरेज शहाण्णव टक्के आहे. एवढं काम कोणाचं नाही जिल्ह्यात."

"कशाचे शहाण्णव? तीस वर्षांवरच्या एकसष्ट बाया आहेत गावात. मागच्या फेरीत नऊ जणींना पाळी म्हणून वगळलं. उरल्या बावन्न, त्यातल्या पन्नास तपासल्या. म्हणजे जिचं रक्त जातंय ती आपल्या हिशेबात बाईच नाही."

"आवाज खाली कर."

"खाली केला तर तिथपर्यंत येत नाही मॅडम. तुम्ही या जवळ."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. नीलाबाई मात्र हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी खोटं नाई बोलली," ती म्हणाली, कोणाला ते कळेना. "मॅडमनं इचारलं, पाळी हाये का. बुधरी कुरमात हाये, तं पाळीच ना? दुसरं काय असते कुरमात?"

नूतन तिच्यावर ओरडणार होती. पण नीलाबाई खरंच बोलत होती. रक्त आलं की कुरमा घर, आणि कुरमा घरात बसलेल्या बाईला पाळीच असते. हे गावात इतकं पक्कं होतं की वीस महिन्यांची पाळी कोणाला लांब वाटली नव्हती.

"नीलाबाई, बंद झालेली पाळी परत येत नसते," नूतन म्हणाली. आता ती मॅडमशी बोलत नव्हती, रांगेशी बोलत होती. "वर्षभर बंद राहून परत रक्त आलं, तं ते पाळी नाई. त्या बाईनं कुरमात नाई बसायचं, दवाखान्यात जायचं. त्याच दिवशी."

रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "माझ्या जावेचं असंच होतं." आणि थोड्या वेळानं त्याच आवाजात, "कुरमातच गेली ते."

तेवढ्यात मोहाच्या झाडांकडून बुधरी येताना दिसली. एक हात कमरेवर, एक हातात काठी. तिच्या मागं बऱ्याच अंतरावर लालसू, हातात पानात बांधलेला भात. तो दगडावर भात ठेवायला गेला होता आणि दगडापाशीच त्याला बायको चालत येताना दिसली होती.

"बुधरी, कुरमातून कुठी चालली?" तो लांबूनच म्हणाला.

"दवाखान्यात."

"गाडीत कशी बसशील? कोण धरन तुले? लोकं काय म्हणन?"

"वीस महिने लोकं काई म्हणून नाई राह्यले. आता काऊन म्हणन?" बुधरी बोअरिंगपाशी आली, श्वास घेत थांबली. मग नूतनकडे काठी केली. "अन् धराले ही पोरगी हाये. हेबी कुरमातच हाये. हिनं मले धरलं तं कोणाचं काय जाते?"

नियम पाळूनच ती बोलत होती.

"गाडी सॅम्पलसाठी आहे," हर्षा मॅडम म्हणाल्या. "पेशंट नेण्याची परवानगी नाही."

ड्रायव्हर हाफिजभाई चाकाला पाठ लावून इतका वेळ ऐकत होता. बल्लारपूरचा माणूस. तो उठला, मागचं दार उघडलं. "मॅडम, मागच्या महिन्यात तुमच्या घरची तांदळाची आठ पोती आली ह्याच गाडीतून. परवानगी कोण दिली, मी विचारलो नाही. बाईचं वजन कमीच आहे. नमुन्यांचा बर्फाचा डबा दुपारी एटापल्लीला पोचवायचाच आहे मला." मग बुधरीला, "बसा मावशी. कोपऱ्यात बसा, तिथं धक्के कमी लागते."

नूतननं बुधरीचा दंड धरला आणि तिला वर चढवलं. रांग संपेपर्यंत लालसू भाताचं पान घेऊन तसाच उभा होता. गाडी सुरू झाल्यावर तो पुढं आला, बुधरीच्या हातापासून वीतभर अंतरावर थांबला आणि पान तिच्या मांडीवर टाकलं. टाकताना त्याची बोटं तिच्या लुगड्याला लागली. त्यानं हात मागं घेतला नाही.

*

रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी खाऊन टाकला होता. एटापल्लीहून एसटीनं आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत गडचिरोलीला पोचायला अंधार झाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर अरीबा यांनी बुधरीला तपासलं. तरुण होत्या, कमी बोलायच्या. हात धुवून बाहेर आल्या तेव्हा नूतनला म्हणाल्या, "तुमच्या गाडीत डॉक्टर नसतो?"

"नसतो."

"टॉर्च असतो?"

"असतो."

"टॉर्चनं दिसलं असतं. एकदा पाहिलं असतं तरी. पहिल्या फेरीत पाहिलं असतं तर मी आज वेगळं बोलले असते." त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "विषाणूला मी काही म्हणत नाही. तो त्याच्या वेगानं जातो, आणि तो वेग फार कमी असतो. त्याच्याही मागं राहायला फार मेहनत लागते."

तुकडा घेतला, फोटो काढले, स्कॅन झालं. बुधरीला चार दिवसांनी गावी पोचवून नूतन परतली. त्याच आठवड्यात तिला कळवण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून तिची गरज नाही. नीलाबाईचा मात्र फोन आला. शेजारच्या गावात दोघी सापडल्या होत्या, पाळी बंद झालेल्या, कुरमात बसलेल्या. त्यांना घेऊन ती उद्या निघत होती. "सासू बोंबलून राह्यली," ती म्हणाली. "बोंबलू दे."

रिपोर्ट आला तो नूतननं स्वतः जाऊन घेतला. दवाखान्याच्या आवारात उभं राहून नीलाबाईला फोन लावला. बुधरी नीलाबाईच्या अंगणात बसली होती. गोणपाटावर नाही, बाजेवर, असं नीलाबाईनं आवर्जून सांगितलं.

"पोरी," बुधरी म्हणाली, "जसं लिवलं तसं वाच. गोड नको करू."

नूतननं कागद उलगडला आणि वाचला.

गर्भाशयाच्या तोंडावरील गाठ: ४.६ गुणिले ३.९ सेंटिमीटर. तुकड्याची तपासणी: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कॅन्सर). प्रसार: डाव्या बाजूच्या ऊतींपर्यंत, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत नाही. टप्पा: चारपैकी दोन-ब. उपचार: शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार व केमोथेरपी. एचपीव्ही १६: आढळला.